चंपीचं पथ्य

काल सकाळी गच्चीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे कण दिसले आणि कळलं, कारखान्याचा बॉयलर पेटला. भोंगा नंतर ऐकू आला; चादरीनं आधी सांगितलं. आमच्या देवळालीकडं गळीत हंगाम असाच येतो. बायका चिमणीला शिव्या घालतात, कपडे झटकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच वाळत घालतात. मीही त्यातलीच. चादर परत पाण्यात घातली, आणि पिळता पिळता डोळे भरून आले. या दिवसांत काजळी डोळ्यांत गेली असं म्हणायची सोय असते, तेवढा एक फायदा.

मग मळीचा तो आंबूस गोड वास. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्या वासानं भूक लागते. मला मात्र हल्ली गोड बंद आहे. शुगर निघाली त्याला सहा वर्षं झाली. रस्त्यानं उसाच्या गाड्या कुरकुरत जातात, बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजतात, गुऱ्हाळावर काहिलीतून वाफ निघत असते, आणि मी पिशवीत ज्वारीच्या दोन भाकरी घेऊन तिथून निमूट पुढं जाते. पथ्य म्हणजे काय हे मला एका कुत्रीमुळं कळलं, असं सांगितलं तर लोक हसतात. मी त्यांना हसू देते. तो नव्वदीच्या दशकातला एक हंगाम होता, आई गेल्यानंतरचा पहिला.

कुत्री आईची. एका चंपाषष्ठीला आई देवापुढं तळी भरून ओट्यावर आली, तर पायरीवर हे भुरकं पिल्लू बसलेलं. खंडोबाला कुत्रं प्रिय. त्या दिवशी नैवेद्यातला घास कुत्र्याला घालायचाच असतो, आणि इथं तर कुत्रं आपल्या पायांनी दाराशी आलेलं. आईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि पहिला रोडगा दुधात कुस्करून पुढं ठेवला. आमच्याकडं रोडगा कणकेचा, दुधात मळून गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला. पिल्लानं ताटली चाटून स्वच्छ केली आणि तिथंच झोपलं. चंपाषष्ठीला आली म्हणून चंपी.

त्यानंतर घरात आम्ही ज्वारी-बाजरीच्या भाकरी खायचो आणि चंपीसाठी सकाळ-संध्याकाळ गव्हाची पोळी व्हायची, दुधात भिजवलेली. पुढच्या जन्मी तुझ्याकडं कुत्रं होऊन येतो, असं माझे वडील, अण्णा, आईला म्हणायचे. चंपीचं पोट मधूनमधून बिघडायचं. ती मागच्या पायानं कान खाजवत बसायची. मी एकदा म्हटलं, हिला दूध सोसत नसेल. मी श्रीरामपूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, सातवी-आठवीला संतुलित आहार फळ्यावर काढून दाखवत होते, त्यामुळं घरात मला असलं काही बोलायची खोड होती. आईनं पोळी कुस्करता कुस्करता वर न बघताच उत्तर दिलं.

"दुधानं कधी कुनाचं वाईट झालंय का गं शालू?"

आणि तिनं ताटली चंपीपुढं सरकवली.

आईला स्वतःला मात्र सगळ्याचीच बंदी होती. तिची साखर इतकी वाढलेली की ती पुढं मूत्रपिंडावर गेली. उसाच्या गावात, कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं कारकून असलेल्या माणसाची बायको, आणि चहासुद्धा बिनसाखरेचा. शेवटच्या हिवाळ्यात तिला रसाची फार वासना व्हायची. गुऱ्हाळाकडून वारा आला की ती दारात येऊन बसायची आणि म्हणायची, घोटभर द्या, नुसती जीभ ओली करते. मी आणि अण्णा पाळीपाळीनं पहारा दिल्यासारखे घरात असायचो. मी तर तिला एकदा ओरडले होते, तेही पाहुण्यांसमोर. फाल्गुनात, हंगाम संपता संपता, नगरच्या दवाखान्यात ती गेली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिची दिनदर्शिका तशीच राहिली. आईची एक सवय होती. जानेवारीत नवी दिनदर्शिका आली की ती एका बैठकीत वर्षभराचे सण आणि उपास लाल पेनानं खुणा करून ठेवायची, शेजारी बारीक अक्षरात एकदोन शब्द लिहायची. म्हणजे ती मार्चमध्ये गेली, पण तिचे शब्द डिसेंबरपर्यंत आमच्यापुढं होते. आम्ही महिना उलटला की ती नव्यानं काहीतरी सांगायची. वटपौर्णिमा, दोरा आणणे. नागपंचमी, चिरायचं नाही. अण्णा महिन्याचं पान उलटायला मला सांगायचे, स्वतः उलटायचे नाहीत.

पावसाळ्यात चंपीची तब्येत ढासळली. अण्णा आईच्या जागी बसून तिला दूध-पोळी घालत होते. ते काम त्यांनी तिसऱ्याच्या विधीच्या दिवशीच आपल्याकडं घेतलं होतं. पण चंपीचे केस झडू लागले, पोटाखालची कातडी लाल झाली, कानातून घाण वास यायला लागला. ती ओट्याच्या कडेला अंग घासून घासून रक्त काढायची. लिंबाचा पाला उकळून आंघोळी घातल्या, करंजाच्या तेलात गंधक खलून लावलं, खंडोबाला नवस बोलला. पोट रोज पातळ. अण्णा म्हणायचे, ती आईवाचून झुरतीय. तेही खोटं नसेल.

नवरात्राच्या आधी मी हट्टानं तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण, सगळा दिवस गाई-म्हशींच्या वेतांत गेलेला. त्यांनी चंपीचे कान बघितले, पोट दाबलं, आणि औषधाचं बोलायच्या आधी तिच्या ताटात काय असतं ते विचारलं. अण्णांनी अभिमानानं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. काही कुत्र्यांना दूध आणि गहू सोसत नाही, सुरुवातीला कळत नाही, मग एकेक वर्षानं वाढत जातं, असं त्यांनी समजावलं. त्यांचा उपाय साधा होता आणि कठीणही. आठ आठवडे तिला फक्त दोनच गोष्टी द्यायच्या, दोन्ही तिनं कधी फारशा न खाल्लेल्या. बकऱ्याचं उकडलेलं मटण आणि भात. मीठ, हळद, तेल काही नाही. अंग सुधारलं की मग एकेक वस्तू वाढवायची, आणि प्रत्येक वेळी थांबून बघायचं.

अण्णांनी बराच वेळ चंपीच्या मानेवर हात ठेवला होता.

"म्हंजी तिच्या हातचं बाधलं, आसं म्हनायचंय का तुमाला?"

डॉक्टरांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं, पण माणूस समजूतदार. ते म्हणाले, हात चांगलाच होता, या पोटाला ते अन्न चाललं नाही, एवढंच. मला त्यांचं दुःख समजत होतं. आईची एवढी एक गोष्ट तिच्यामागं आम्ही चालू ठेवली होती, आणि आता तीच विष ठरत होती. दोन दिवस त्यांनी चंपीला पूर्वीसारखंच घातलं. तिसऱ्या दिवशी तिनं कानामागचा भाग ओरबाडून काढला, तेव्हा ते उठले आणि दुधाचं पातेलं तिला वास येणार नाही असं वरच्या फळीवर ठेवून आले.

पुढचा प्रश्न मटणाचा. आमच्या घरात ते कधी शिजलेलं नाही. समोर राहणाऱ्या सुशीलाताई आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. त्यांचं घर बौद्ध. आईची आणि त्यांची वीस वर्षांची मैत्री, पण ती ओट्यापर्यंतची. आई त्यांना चहा ओट्यावर द्यायची आणि कप वेगळा ठेवायची, हेही लिहायला हवं. त्यांना ते ठाऊक होतं. तरी अण्णांनी विचारल्याबरोबर त्या बाजाराच्या दिवशी मटण घेऊन आल्या, आणि गोठ्यामागं तीन दगड मांडून त्यांनी अण्णांना ते शिजवायला शिकवलं. चुकून कांदा टाकू नका, कुत्र्याला वाईट, असं दोनदा बजावलं. ज्या माणसाला चहाला आधण कधी आलं ते कळत नसे, तो साठीत उकिडवा बसून मटणाचा फेस काढत होता, मान एका बाजूला वळवून, वासानं डोळे बारीक करून. शिजवून झालं की अण्णा अंघोळ करायचे. महिनाभरानं तेही सुटलं. आणि सुशीलाताई पातेलं बघायला म्हणून घरातून आरपार मागं जाऊ लागल्या. आईला ते चाललं असतं का, हा प्रश्न आम्ही कुणी काढला नाही.

काट्यावरचा माणूस तो. चंपीचा भात आणि मटण ते तराजूत तोलून घालायचे. आणि आईच्या दिनदर्शिकेत, तिच्या लाल खुणांना धक्का न लावता, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचे. खाज हाय. खाज कमी. पोट बरं. दसऱ्याला कारखान्यात बॉयलरची पूजा झाली, त्या चौकटीत आईनं लिहिलं होतं, आपट्याची पानं, आणि त्याखाली अण्णांचं, कान कोरडा. मी चहा करताना ते दोघांचं शेजारी शेजारी वाचायचे. ते जिवंतपणी एकमेकांशी इतकं बोलत नसत.

दिवाळीत चंपीच्या पाठीवर लव आली. आम्हाला त्या वर्षी सण नव्हता, आकाशकंदील नव्हता, पण चंपी उन्हात आडवी पडून अर्धा अर्धा तास न खाजवता झोपायची, आणि अण्णा शेजारी खुर्ची टाकून नुसते बघत बसायचे. त्यांचा कडकपणा मात्र वाढत गेला. गल्लीत कुणी तिला बिस्कीट टाकलं तर ते भांडायला उठायचे. मी म्हटलं, अण्णा, एवढं काय. त्यावर ते बिस्किटाचा तुकडा उचलून कुंपणापलीकडं टाकायचे. आईच्या पथ्याच्या वेळी मी कडक आणि ते मऊ होते. आता उलटं झालं होतं, आणि का ते मला उमगत नव्हतं.

पथ्य पाळणाऱ्यापेक्षा ते पाळायला लावणाऱ्याचं जास्त कठीण असतं. खाणाऱ्याला भूक असते, ती मागून मोकळी होते. नाही म्हणणाऱ्याकडं काहीच नसतं, नुसतं नाही असतं. आमच्याकडं तर माया दाखवायची रीतच खाऊ घालण्याची. पाहुणा आला, घाला. पोर रडलं, घाला. कुणी मेलं, तरी आधी पान वाढा. ज्याला घालायचंच नाही त्याच्यावर माया कशी करायची, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मार्गशीर्ष लागला. डॉक्टर म्हणाले, आता एक वस्तू वाढवा. अण्णांनी विचार करून ज्वारी निवडली. चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी त्यांनी भातात ज्वारीच्या भाकरीचा चतकोर कुस्करला आणि चौकटीत लिहिलं, ज्वारी सुरू. चार दिवस सगळं ठीक होतं.

चंपाषष्ठीच्या दुपारी मी रजेवर घरी होते. अण्णा पेन्शनच्या कागदासाठी राहुरीला गेले होते. दुखवट्याचं वर्ष, म्हणून नैवेद्य चुलतीच्या घरून आला: भरीत, पातीचा कांदा आणि दोन रोडगे. ताट स्वयंपाकघरात ठेवायला गेले आणि दिनदर्शिका दिसली. त्या तारखेच्या चौकटीत आईनं जानेवारीत लिहून ठेवलं होतं: चंपीचा सण. रोडगा द्यायचा.

मी ते तीनचारदा वाचलं. वर्ष संपत आलं होतं. पुढच्या जानेवारीत नवी दिनदर्शिका येणार आणि तिच्यात आईचा एक शब्दही नसणार. तिचं हे शेवटचं सांगणं होतं, आणि ते मी सोडून कुणाला सांगितलेलं नव्हतं असं मला वाटलं. आईला मी घोटभर रस दिला नव्हता, वर ओरडले होते. एका दिवसानं काय होतंय, असं मी मोठ्यानं म्हणाले. भरीत बाजूला ठेवलं, तेवढी अक्कल शाबूत होती. पण एक अख्खा रोडगा मी वरच्या फळीवरच्या दुधात कुस्करला, आईसारखा, बोटांनी, आणि चंपीच्या कपाळाला भंडारा लावून तिच्यापुढं ठेवला. मग ताटली घासून जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं पोट गेलं. तिसऱ्या दिवशी त्यात रक्त होतं, आणि कान पुन्हा लाल. अण्णा दिनदर्शिकेपुढं उभे राहिले आणि म्हणाले, ज्वारीनं घात केला. चौकटीत तसंच लिहून त्यांनी ज्वारी बंद केली. दोन दिवस थांबले, उतार पडेना, तेव्हा त्यांना मटणाचा संशय आला; तेही बंद. मग नुसती भाताची पेज. चंपीच्या फासळ्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, वेगळं काही खाल्लं का. अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, कणभरसुद्धा नाही. मी तिथंच उभी होते.

का नाही बोलले? पहिल्या दिवशी वाटलं, आपोआप थांबेल. दुसऱ्या दिवशी भीती वाटली. मग प्रत्येक दिवसागणिक सांगणं अवघड होत गेलं, कारण आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं. शाळेत मी मुलांना प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, असं शिकवत होते. घरी एक माणूस माझ्यामुळं चुकीच्या गोष्टीला दोषी धरत होता, आणि त्या पायी एक मुका जीव उपाशी पडत होता. नऊ दिवस मी गप्प राहिले. आजही कुणी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं की मला ते नऊ दिवस मोजावेसे वाटतात.

दहाव्या दिवशी सकाळी अण्णा मागच्या चुलीवर पेज शिजवत होते. चंपी शेजारी पोत्यावर पडलेली, मान उचलत नव्हती. अण्णा पेजेशीच बोलल्यासारखे म्हणाले, आता हेबी बाधतंय वाटतं, हेबी बंद करतो.

"अण्णा, ज्वारीनं नाही झालं ते. मी रोडगा घातला होता. दुधात कुस्करून."

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. फडक्यानं हात पुसले. मी ओरडण्याची वाट बघत होते. मला ते हवंच होतं. कारखान्याच्या चिमणीतून राख उडत होती, त्यांच्या टोपीवर बसत होती.

"मी तुझ्या आईला रस पाजला हुता," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, चुलीकडं बघत, थांबत थांबत. फाल्गुनात मी शाळेत गेले असताना ते गुऱ्हाळावर गेले होते. टॉवेलाखाली झाकून मोठा ग्लास आणला होता, आलं-लिंबू घातलेला. आई आधी म्हणाली, शालूला कळलं तर. मग सगळा प्याली. चौथ्या दिवशी तिला नगरला हलवावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले होते, रसाचं निमित्त, व्हायचं ते होणारच होतं. अण्णांनी ते ऐकून घेतलं होतं, पटवून घेतलं नव्हतं. म्हणून त्यांनी चंपीचा घास न् घास तोलला होता.

मी विचारलं, आई काय म्हणाली.

"म्हनली, लई दिसांनी तोंडाला चव आली."

त्यांनी पुन्हा भात चढवला. सुशीलाताईंकडून मटण आणलं, मी चिमटीनं त्याचे बारीक तुकडे केले. चंपीनं त्या दिवशी चार घास खाल्ले, दुसऱ्या दिवशी सहा. आम्हाला आशा वाटली. पण आतडं आतून सोलून निघालेलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि अंगात काही उरलं नव्हतं. संक्रांतीच्या आधी, सकाळच्या उन्हात, ओट्याच्या कडेला ती गेली. बांधावरच्या बाभळीखाली तिला पुरलं. सुशीलाताईंनी भंडारा आणला होता. त्यांच्या घरात खंडोबा नाही. आमच्यासाठी कुठून तरी मागून आणला होता.

जुनी दिनदर्शिका माझ्याकडं आहे. ज्वारीनं घात केला, असं अण्णांनी लिहिलं होतं त्यावर पेन्सिलीची एक सरळ रेघ आहे आणि खाली लिहिलंय, ज्वारीचा दोष नाही. दुसऱ्या कुणाचं नाव त्यांनी तिथं घातलं नाही, माझं नाही, त्यांचंही नाही. त्यानंतर त्यांनी स्वतः रस कधी घेतला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, सोसत न्हाई. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

पुढच्या आठवड्यात चंपाषष्ठी आहे. शेजारची सून रोडगा घेऊन येईल आणि म्हणेल, मावशी, एका घासानं काय होतंय. काय होतं ते मी तिला सांगणार नाही. सणासुदीला कुणी असलं ऐकत नाही. मी ताट घेईन, आणि दाराशी कुत्रं आलं तर त्याला ज्वारीची कोरडी भाकरी घालीन.

माझा गुन्हा मला मान्य आहे, तो मी कधी लहान करून सांगितला नाही. तरी एक गोष्ट राहतेच. त्या दुपारी चंपीनं ताटली चाटून लख्ख केली, नाकावरचा दुधाचा थेंब जिभेनं काढला, आणि मान वर करून माझ्याकडं बघत शेपूट हलवत राहिली. दोन महिने अळणी भात खाल्लेल्या जिवाला त्या दिवशी चव लागली होती. ग्लास रिकामा करून आईनं अण्णांकडं असंच बघितलं होतं का, हे मला त्यांना विचारायचं होतं. ते विचारायचं राहून गेलं.